टाइद की ऑर्डनन्स सर्व्हे? डिटेक्टरसाठी कोणता जुना नकाशा आधी उघडावा

इंग्लंडात स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांनी शेतात पुरलेली जुनी नाणी-वस्तू शोधायला मेटल डिटेक्टर घेतलाय, त्यांचं घोडं जागेपाशी अडतं. जुने नकाशे बघा, असं सगळेच सांगतात. कोणते, ते फारसं कुणी सांगत नाही. खरी निवड दोघांत आहे: १८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेले टाइद नकाशे आणि ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचे मैलाला २५ इंच मापाचे नकाशे.

टाइद म्हणजे चर्चला पिकाचा दहावा हिस्सा द्यायची जुनी पद्धत. ती रोखीत बदलायची म्हणून गावोगाव मोजणी झाली, आणि त्यातून इंग्लंड-वेल्सच्या सुमारे पाऊण भागाचे टाइद नकाशे तयार झाले, बहुतेक १८५० च्या आसपासपर्यंत. नकाशापेक्षा त्याच्यासोबतची नोंदवही जास्त मोलाची. आपला सातबारा डोळ्यांपुढे आणा: शेताचा क्रमांक, मालक, कसणारा, क्षेत्र, जमीन नांगरटीची की कुरणाची, आणि शिवाय शेताचं नाव. ‘फेअर फील्ड’ दिसलं तर तिथे जत्रा भरत असण्याची शक्यता, आणि जत्रा म्हणजे सुटे पैसे पडणारच. ‘चॅपल फील्ड’ असेल तर नाहीशा झालेल्या प्रार्थनाघराचा माग लागू शकतो. ‘ब्लॅकलँड’ नावाच्या शेतात जुन्या वस्तीच्या राखेने काळी पडलेली माती असू शकते, किंवा नुसतीच काळी माती. नावावर भिस्त ठेवून दिवस घालवू नये.

अचूकतेचं म्हणाल तर टाइद नकाशे बेभरवशाचे. अधिकृत पहिल्या दर्जाचे म्हणून शिक्का मिळालेले साधारण सहात एक. घरं, विहिरी, पायवाटा दाखवायच्या की नाही हे मोजणीदाराच्या मर्जीवर.

याउलट २५ इंची नकाशा बघताना वेळेचं भान राहत नाही. १८५० च्या दशकात सुरू झालेलं हे काम १८९० च्या दशकापर्यंत लागवडीखालच्या जवळजवळ सगळ्या भागापर्यंत पोचलं. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही नकाशे फुकट आहेत. जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पट्टी सरकवायची, की काय पुसलं गेलं ते दिसतं. आज सपाट दिसणारं मोठं वावर तेव्हा चार-पाच तुकड्यांचं असतं. मधोमध तीन कुंपणं मिळतात, तिथूनच ठिपक्यांची पायवाट जाते, शेजारी तळं आणि एक लहानसा चौकोन, म्हणजे कोठार. पायवाट कुंपण ओलांडते तिथे फाटक किंवा चढून जायच्या पायऱ्या असणार, आणि चढता-उतरताना खिसे रिकामे होणार. तो बिंदू फोनवर घ्यायचा आणि थेट तिथे उभं राहायचं. चूक झाली तर काही मीटरची.

मर्यादा एवढीच की चित्र एकोणिसाव्या शतकाचं आहे. व्हिक्टोरिया राणीचे पेनी, बटणं, घोड्याचे नाल यांची तयारी ठेवा. त्याआधीचं हवं असेल तर शेतांची नावं किंवा सरकारने खुला केलेला लायडारचा, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेला, उंचसखल नकाशा अधिक उपयोगी.

नवखा माणूस एका ठिकाणी हमखास फसतो. ऑर्डनन्स सर्व्हेवर प्राचीन अवशेष वेगळ्या, जुन्या वळणाच्या अक्षरांत छापलेले असतात. ते बघून हुरळून जाऊ नका. अशी जागा संरक्षित स्मारक असण्याची शक्यता मोठी, आणि तिथे परवानगीशिवाय डिटेक्टर चालवणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. आधी हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा-संस्थेची यादी तपासा. इकडे सुट्टीवर येताना यंत्र गडावर न्यायचा विचार असेल तर तो तिथेच सोडा. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरच्या ऐवजाची वर्दी कलेक्टरला द्यायला लावणारा १८७८ चा कायदा भारतात आहे, आणि संरक्षित स्मारकांचे नियम त्याहून कडक.

मग आधी काय उघडायचं? एखाद्या शेतकऱ्याने होकार दिलेलाच असेल, तर बेलाशक २५ इंची. हातात शेत आहे, प्रश्न फक्त कोपऱ्याचा आहे. परवानगीच मिळवायची असेल तर टाइद. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तुमच्या या शेताचं नाव काय होतं आणि ते कोण कसत होतं, हे सांगत दारात उभ्या राहिलेल्या माणसाला शेतकरी सहसा लगेच वाटेला लावत नाही. होकार मिळाला की तो लेखी घ्या, आणि शेतात ग्रीन वेस्टचं, म्हणजे बागेतल्या कचऱ्याचं, खत टाकलंय का तेही विचारून ठेवा; त्यातल्या धातूच्या बारीक कपट्यांनी यंत्र अखंड किरकिरतं, आणि हे कुठल्याच नकाशावर नसतं. लेस्टरशर किंवा नॉर्थम्प्टनशरमध्ये राहत असाल तर टाइदच्या फार मागे लागू नका. तिथल्या बऱ्याच गावांत जमिनींच्या फेरवाटपातच हा दहावा हिस्सा मिटला होता, त्यामुळे नकाशे निघालेच नाहीत.