लेझरचं पेन की कोरडा दात?

दातांचा नवा दवाखाना थाटणारे ज्युनियर हल्ली हटकून विचारतात, “सर, सुरुवातीची कीड ओळखायला लेझरचं पेन घेऊ, की डोळे आणि बाइटविंग एक्स-रेवर (होल्डर चावून काढायचा दाढांचा एक्स-रे) भागवू?” दोन्ही वापरून झालंय. मी निपाणीत बसतो, त्यामुळे माझं मत इथल्या तोंडांवरून बनलंय. बेळगावात कॅम्पात बसणाऱ्याला कदाचित वेगळं वाटेल.

पेनाला नावं ठेवायची नाहीत. ६५५ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश पडला की किडीतली जंतूंची द्रव्यं चमकतात आणि पडद्यावर ० ते ९९ मधला आकडा येतो. दुखत नाही, किरणांची भीती नाही, पोरं तर खेळणं समजून तोंड उघडतात. पण खरी कमाई त्या आकड्याची. आमच्याकडं मराठीत दाताला कीड लागते, कन्नडमध्ये ‘हुळुकु हल्लु’ म्हणतात. दोन्हीकडं किडाच, त्यामुळे “काढून दाखवा बघू” म्हणणारी आजी असतेच. तिला पांढुरका डाग दाखवून काही पटत नाही, आकडा पटतो.

माझी पंचाईत केली ती ह्याच आकड्यानं. निपाणी म्हणजे तंबाखू, आणि तंबाखू म्हणजे मिश्री. तव्यावर तंबाखू जाळायची, कुटायची आणि दिवसातून दोन-तीनदा बोटानं दातांना लावायची. दाढांच्या खाचांत काळा थर बसतो आणि पेनाला डाग आणि कीड यांतला फरक कळत नाही. प्लाक म्हणजे जंतूंचा चिकट थर, कीटण, एवढंच काय, खाचेत राहिलेल्या पॉलिशिंग पेस्टनंसुद्धा आकडा चढतो. पहिल्याच वर्षी एका मावशींच्या खालच्या दाढेवर पेन चाळिशीच्या पुढं गेलं. मी बर, म्हणजे दात कोरायचं फिरतं टोक, फिरवलं. आत टणक, धडधाकट इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच. चांगली दाढ उकरून ठेवली होती मी. खाच बंद करून दिली, पैसे घेतले नाहीत, झालेली चूक सांगितली. मावशींनी शांतपणे विचारलं, “मग आता मिश्री लावली तर चालंल न्हवं?”

तेव्हापासून आधी ब्रशनं खाच घासायची, धुवायची, वाळवायची, मगच पेन. एका दाढेवर ३८ चा आकडा असा १५ वर आलेला मी पाहिलाय. म्हणजे पेनानं खरं बोलायचं तर दात आधी स्वच्छ आणि कोरडा हवा. आणि दात स्वच्छ, कोरडा झाला की बहुतेक वेळा मला पेनाशिवायच दिसतं! माझं पारडं तिथंच झुकलं.

पाच सेकंद हवा मारा. इनॅमलच्या छिद्रांतलं पाणी गेलं की लपलेला पांढरा डाग वर येतो. वाळवल्यावरच दिसला तर उथळ, ओल्या दातावरही दिसत असेल तर खोल. हिरडीलगत खडूसारखा, खरखरीत असेल तर कीड चालू आहे. चकचकीत, गुळगुळीत असेल तर ती बहुधा थांबलेली. चालू की थांबलेली, हे पेन सांगत नाही. टोकदार प्रोब (दात चाचपायची सळई) मात्र खुपसू नका, पृष्ठभाग फुटतो. गोल टोकाचा हलकेच फिरवा. बागलकोटकडून आलेल्या पेशंटच्या दातांवर फ्लोरोसिसचे, म्हणजे जादा फ्लोराइडमुळे आलेले, पांढरे पट्टे असतात, पण ते दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखेच दिसतात.

दोन दाढांच्या मधे डोळा पोचत नाही, तिथं बाइटविंगला पर्याय नाही. कटकटी आहेतच. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) नोंदणी करा, होल्डर चावताना पोरांना ओकारी येते, आणि बरंचसं खनिज गेल्याशिवाय सावली उमटत नाही, त्यामुळे कीड फिल्मवर दिसते त्याहून मोठीच असते. तरी इनॅमलपुरत्या सावलीला बर लावायची घाई नको. तिथं बहुधा अजून खड्डा पडलेला नसतो.

पुढं काय करायचं ते माझ्या मते पेशंट परत येणार का, यावर ठरतं. येणारा असेल तर पाच टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश (दातावर लावायचा लेप), धोका बघून दर तीन ते सहा महिन्यांनी, आणि रात्री फ्लोराइडच्या पेस्टनं ब्रश. चिकोडीकडच्या कारखान्यांना ऊसतोडीला आलेली कुटुंबं गाळप संपलं की गावी जातात. त्यांच्या पोरांच्या खाचा मी त्याच दिवशी ग्लास आयनोमर सिमेंटनं बंद करतो. मागच्या दुधाच्या दाढांना खड्डा पडला असेल तर एसडीएफ, म्हणजे कीड थांबवणारं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, उत्तम, पण जागा काळी पडते. आईला आधी सांगा, नाहीतर संध्याकाळी ती भांडायला येते.

पेन मी विकलेलं नाही. एखाद्या पोराची तीच खाच दर खेपेला मोजायला ड्रॉवरमधून काढतो. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर माझा कौल एक्स-रे आणि हवा मारणाऱ्या बऱ्यापैकी कॉम्प्रेसरला. पावसाळ्यात त्याच्या टाकीत पाणी साचतं आणि सिरिंजमधून हवेबरोबर तुषार आले तर दात वाळतच नाही. खालचा नळ रोज संध्याकाळी उघडायला असिस्टंटला सांगून ठेवा.