पोरांना घेऊन कणेरी मठ की गुऱ्हाळाचं रान?

रविवारी पोरांना जनावरं दाखवायची तर कोल्हापुरात दोन वाटा आहेत. एक म्हणजे कणेरी मठ. शहरापासून साधारण 12 किलोमीटर, पुणे-बंगळूर हायवेवरून आत वळायचं. तिथं देशी गाईंची गोशाळा आहे आणि सिद्धगिरी म्युझियममध्ये सिमेंटच्या पुतळ्यांतून बारा बलुतेदारांचं गाव उभं केलंय. आजी-आजोबा सोबत असतील तर हेच बरं. बसायला सावली मिळते, जेवणाची आबाळ होत नाही. पण रविवारी गर्दी फार, आणि पुतळ्यातला बैल शेपूट हलवत नाही.

दुसरी वाट म्हणजे पाहुण्यांचं किंवा ओळखीचं रान. थंडीत, गुऱ्हाळं पेटलेली असताना जावं. गोठ्यात पंढरपुरी म्हैस असते, तिची तलवारीसारखी लांब शिंगं पाहून पोरं आधी चार पावलं मागंच सरतात. मागच्या पौषात माझ्या लेकीनं उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, पुढं धरलं. म्हशीनं खरखरीत जिभेनं ते ओढून घेतलं, तेव्हा ती किंचाळली आणि लगेच म्हणाली, "आई, अजून एक दे की!" मग धारोष्ण दूध, ओठावर फेसाची मिशी. गुऱ्हाळातल्या काहिलीपासून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपासून, मात्र पोरांना लांबच ठेवा, उकळता रस उडतो. जाण्याआधी फोन करा, धारेच्या वेळेला पोचा.

पोरं दहाच्या आतली असतील तर मी डोळे झाकून रानात नेईन.