महालक्ष्मी रेसकोर्स: घोडे, बेटिंग आणि कायदा

५ पैकी ४ स्टार, तो एक कट टॅक्सला. रेस सीझन नोव्हेंबर ते एप्रिल असतो, पावसाळ्यात सगळा कारभार पुण्याला. लोकांना वाटतं इथे सगळं सेटिंगच असतं, पण जरा बघा तरी, जॉकीचं वजन रेसच्या आधी पण होतं आणि नंतर पण, घोड्यांची डोप टेस्ट होते, आणि काही धक्काबुक्की झाली की स्टुअर्ड्स (म्हणजे रेसवर देखरेख करणारे अधिकारी) रेसची फिल्म बघून निकाल बदलू शकतात, म्हणून फायनल घोषणा होईपर्यंत बेटिंगचं तिकीट फाडायचं नाही हां! स्टुअर्ड्स मात्र रेस चालवणाऱ्या क्लबचेच, सरकारचे नाहीत. सरकारचं काम लायसन्स देणं, तेही १९१२ च्या कायद्याखाली, इंग्रजांच्या काळातला 😄 माझ्या मते डोपिंग वगैरेसाठी क्लबच्या बाहेरचं कोणीतरी हवं, स्वतःच खेळ चालवायचा आणि स्वतःच न्याय करायचा हे मला पटत नाही.

आता टॅक्स. १९९६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रेस हा स्किलचा खेळ आहे, जुगार नाही, तरी जीएसटी लावताना कॅसिनोच्याच रांगेत, आधी २८ टक्के आणि सप्टेंबर २०२५ पासून ४०, तेही क्लबच्या कमिशनवर नाही, लावलेल्या पूर्ण पैशावर. मग माणूस बिनलायसन्सच्या बुकीकडे जाणारच ना, तिथे ना टॅक्स ना पावती, आणि पैसे बुडाले तर तक्रार कुणाकडे करणार?

बेटिंग नाही केली तरी चालतं, पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या जागेत, घोडे जवळून बघायला नक्की जा.