तळजाईवरचा अ‍ॅव्हलांच वर्ग: दुपार पैसे वसूल, सकाळ जरा आवरा

पुण्यात बसून बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायला शिकणार, म्हटल्यावर घरच्यांनी हसायचं तेवढं हसून घेतलं. पण आमची मंडळी फेब्रुवारीत गुलमर्गला निघालीयेत आणि त्यातल्या दोघांना गोंडोलाच्या (तिथल्या केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्यावरून, अफरवाटच्या मोकळ्या उतारांवर स्की करायचंय. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथेच दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले. म्हणून इथल्याच एका गिर्यारोहण गटाचा एक दिवसाचा वर्ग केला. फी साडेतीन हजार, उपकरणं त्यांची.

सकाळ सहकारनगरातल्या हॉलमध्ये. जगभरच्या हिमस्खलनांचे फोटो इतके दाखवले की मागच्या रांगेत डुलक्या सुरू झाल्या. मग सरांनी ट्रेमध्ये साखर पसरली, वर मैदा दाबून बसवला आणि ट्रे हळूहळू तिरका केला. एका क्षणी मैद्याला आडवी चीर गेली आणि अख्खा थर एकदम घसरला. खालचा थर भुसभुशीत, वरचा घट्ट, आणि स्कीअरचं वजन ठिणगीचं काम करतं. बहुतेक अपघातांत थर सुटतो तो अडकलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच वजनाने, हे मला नवीन होतं. ३० ते ४५ अंशांचे उतार सगळ्यात घातक. मग फोनवरच्या कोनमापकाने पार्किंगचा रॅम्प मोजायला लावला. आम्ही छातीठोकपणे पंचवीस सांगितले, निघाले बारा!

धोक्याच्या पाच पातळ्याही नीट समजावल्या. ‘तीन म्हणजे मधलं, चालतंय की’ असं वाटतं, पण बरेचसे मृत्यू तीनलाच होतात. हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या चंदीगडच्या डीजीआरई या सरकारी संस्थेचं बुलेटिन रोज बघा, मात्र ते मोठ्या भागाचं असतं, तुमच्या पायाखालच्या उताराचं नाही, हे सरांनी दोनदा बजावलं. या भागाला आणखी वेळ हवा होता. फोटो निम्मे केले तरी भागेल.

दुपारी टेकडीवर. बीकन (अंगावर बांधायचं, रेडिओ सिग्नल सोडणारं आणि पकडणारं यंत्र) पोत्यात घालून पाचोळ्याखाली लपवलेले. सगळे बीकन ४५७ किलोहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे कंपनी कुठलीही असो, एकमेकांना सापडतात. त्याच्या पडद्यावरचा बाण सरळ नेत नाही, वळसा घालून नेतो, आणि आपलं मन सारखं म्हणतं की यंत्र चुकतंय. शेवटच्या तीन मीटरांत बीकन जमिनीलगत धरून, न फिरवता अधिक चिन्हासारखा आडवा-उभा सरकवायचा. शोधताना मोबाईल निदान अर्धा मीटर लांब. आम्ही रांगत होतो तेव्हा फिरायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, “काय हरवलंय?” सर म्हणाले, “माणूस.” आजोबा काठी टेकत बराच वेळ बघत उभे राहिले आणि जाताना म्हणाले, “डावीकडे बघा, तिथला पाचोळा हललेला दिसतोय.”

खणण्यासाठी ओल्या वाळूचा ढीग. सापडल्यावर प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची, आतल्या दोरीने ताठ होणारी घडीची काठी) तसाच ठेवायचा, उताराच्या खालच्या बाजूने खणत जायचं, पुढचा दमला की मागच्याने जागा घ्यायची. शोधण्यापेक्षा खणायलाच जास्त वेळ जातो. पहिल्या पंधरा मिनिटांनंतर वाचण्याची शक्यता झपाट्याने घसरते, हे सकाळी ऐकलं होतंच, पण हातात फावडं असताना सरांचं घड्याळ फार जोरात पळतं.

तक्रारी: एका प्रोबची दोरी सैल होती, तो ताठ राहतच नव्हता. दोन बीकनची बॅटरी दुपारीच उतरली. जीव वाचवायच्या वस्तूंच्या बाबतीत हे चालत नाही, आणि मी तिथेच सांगितलं. चहा मात्र झकास.

खड्डा खणून बर्फाचे थर तपासणं तळजाईवर शक्यच नाही, ते त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. तेवढ्यासाठी गुलमर्गला स्थानिक गाइड घेतोय. ज्यांना फक्त पहिल्या टप्प्याच्या आखलेल्या उतारांवर शिकायचंय, त्यांनी हे पैसे चांगल्या हातमोज्यांवर घालावेत. त्याबाहेर जाणारे असाल तर सगळ्या गटाने एकत्रच या. एकट्यानेच शिकून उपयोग नाही, गाडलं गेल्यावर तुम्हाला शोधायचंय दुसऱ्यांनी.