पितृपक्षातलं केनिया आणि आमचे २,८६,३८० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. दोन लाख शहाऐंशी हजार तीनशे ऐंशी, टूरवाल्याने बुडवलेले. त्यातले निम्मे माझे, निम्मे बहिणीच्या घरचे. लाज मात्र सगळी माझी एकट्याची, कारण हा टूरवाला मी शोधून काढला होता.

मी सिंधुदुर्गातला, किनाऱ्याकडचा. हापूसची कलमं आहेत, पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवतो. बायको शिक्षिका होती, २०२५ च्या मे महिन्यात निवृत्त झाली. बहीण-भावोजी आणि आम्ही दोघं, एकदा तरी परदेश बघू असं ठरलं. तेवढ्यात फेसबुकवर जाहिरात आली : 'सफारी, समुद्र, शहर.' केनियातल्या नैरोबीत दोन रात्री, मसाई मारा अभयारण्यात तीन, डियानी बीचवर तीन. विमानासकट माणशी १,१८,०००.

बायको म्हणाली, समुद्र तर आपल्या अंगणापलीकडे आहे, तोच बघायला आफ्रिकेत कशाला? काकी तर पडवीतूनच ओरडली, "शिंव्ह बघूक इतक्या लांब कित्याक जाऊक व्हया? रातचो हय बस, वाघ येतलो." खोटं नाही ते, दोन कुत्रे बिबट्याने नेलेत आमचे. पण मला तिथली मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्ट, म्हणजे तिकडची बैलासारखी रानजनावरं, बघायची होती. जुलै ते ऑक्टोबर ती हजारोंनी काठावर येऊन थांबतात, खाली मगरी टपून असतात, आणि मग एक उडी मारतो की सगळे. टीव्हीवर वीस वर्षं बघतोय.

टूरवाला पोरगा बोलायला गोड. दुसऱ्या फोनपासून 'काका'. कोकणातला माणूस गणपतीला घर सोडत नाही हे त्याला न सांगता ठाऊक. "सहा सप्टेंबरला अनंत चतुर्दशी काका, दहाला निघा. पितृपक्षात आपली माणसं फिरत नाहीत, म्हणून रेट पडलेत." मला ते इतकं पटलं की मीच भावोजींना समजावून सांगितलं.

आता मला कोणी सांगा, मसाई मारातल्या लॉजवाल्याला पितृपक्ष काय माहीत? तिकडे सप्टेंबर म्हणजे भर हंगाम. जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला मसाई मारात दिवसाचे २०० डॉलर प्रवेश फी आहे. तीन दिवसांचे ६००, म्हणजे माणशी पन्नास हजार रुपये आणि वर, तेही नुसते फाटकातून आत जायचे. मग विमान, जीप, लॉज, डियानी हे सगळं उरलेल्या अडुसष्ट हजारांत? पेटीचा भाव काढताना मी आतल्या पेंढ्याचे पैसेसुद्धा धरतो. हा हिशेब मला दहा मिनिटांत जमला, पण पैसे गेल्यावर.

१४ जूनला २०,००० टोकन दिलं. ३ जुलैला एक लाख, ४ जुलैला एक लाख, कारण यूपीआयची दिवसाची मर्यादा तेवढीच. पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाव नव्हतं, कुठल्या तरी बाईचं होतं. विचारलं तर म्हणाला, "आमच्या पार्टनर मॅडम." त्यात मला खटकलं नाही, कारण माझं आंब्याचं खातं बायकोच्या नावावर आहे.

४ तारखेलाच त्याने पीएनआर पाठवला. मी अडाणी नाही, विमान कंपनीच्या साइटवर जाऊन तपासला. चौघांची नावं पासपोर्टप्रमाणे, तारीख बरोबर, मुंबई-नैरोबी. आणखी काय बघायचं माणसाने? तर बघायचा असतो तिकिटाचा तेरा आकडी नंबर. नुसता पीएनआर म्हणजे जागा धरून ठेवली एवढंच, पैसे भरले नाहीत तर ती आपोआप सुटते. ज्यांना हे माहीत होतं त्यांनी मला आधी सांगायला हवं होतं. हो, चिडलोय, कारण आता प्रत्येक जण "एवढं पण माहीत नव्हतं?" म्हणतो.

१८ जुलैला ४८,३८० घेतले, जीएसटी २३,६०० आणि टीसीएस, म्हणजे परदेश सहलीवर आगाऊ घेतात तो कर, २४,७८०. कर लावतोय म्हणजे धंदा खरा, असं मला वाटलं! खरा टीसीएस तुमच्या पॅनवर जमा होतो आणि २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या उताऱ्यात, दिसतो. माझ्याकडे आजतागायत एक रुपया दिसत नाही. चौघांच्या पॅनचे आणि पासपोर्टचे फोटो मात्र त्या चोराकडे आहेत, त्याने झोप उडते ती वेगळीच.

आणि आता २० जुलै. रात्री अजून आठवतं.

कलमांच्या बुंध्याशी कल्टार, म्हणजे मोहोरासाठीचं औषध, घालायचं काम चाललं होतं. पाऊस भुरभुर, हाताला चिखल, गडी चर खणतोय. पुतणीचा फोन आला, ती मुंबईत नर्स आहे. तिने एकच विचारलं, "काका, पिवळ्या तापाची लस घेतलीत?" मी म्हटलं, कसली लस? केनियाहून परत येताना भारतात तिचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, नाहीतर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात, आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते प्रमाणपत्र लागू होतं. सरकारने नेमलेल्या मोजक्या केंद्रांवरच ती मिळते. तिने हे सगळं सांगितलं. मी तिथेच, चिखलाचं बोट पॅन्टला पुसून, त्या पोराला फोन लावला.

"ते एअरपोर्टवर होतं काका. दहा मिनिटांचं काम."

एका बाजूला घरची पोरगी, नर्स. दुसऱ्या बाजूला कधी न पाहिलेला माणूस. आणि मी काय केलं? पुतणीला उलटा फोन करून म्हटलं, "अगं, ते लोक रोज माणसं पाठवतात, त्यांना जास्त कळतं." गडीसुद्धा फावडं थांबवून माझ्याकडे बघत होता, का ते देव जाणे. केनियाला माणसं पाठवणारा कुठलाही टूरवाला पहिल्या यादीत ही लस लिहितो. ज्याला लस माहीत नाही त्याने कोणालाच तिकडे पाठवलेलं नाही. एवढी साधी गोष्ट, आणि मी दुसऱ्याच दिवशी, २१ जुलैला, त्याला आणखी १८,००० दिले! ईटीएचे, माणशी ४,५००. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून टाकून ही ऑनलाइन परवानगी आणली, तिची फी ३० डॉलर, म्हणजे अडीच-पावणेतीन हजार. आपली आपण भरता येते.

९ ऑगस्टला रक्षाबंधन. बहीण राखी बांधायला आली, नारळीभात झाला, आणि भावोजी म्हणाले, जरा तिकीट दाखवा बघू. पीएनआर टाकला. बुकिंग सापडत नाही. पुन्हा टाकला. बहिणीने चष्मा लावून स्वतः टाकला. पोराचा फोन बंद. भावोजी काही बोलले नाहीत, नुसते ताटातला भात चिवडत राहिले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. पण तो नंबर पैसे गेल्यागेल्या लावायचा असतो, पुढच्या खात्यातून निघायच्या आत. माझे शेवटचे पैसे जाऊन एकोणीस दिवस झाले होते. ही चूक माझी.

पुढचं मात्र माझ्या माथी मारू नका. तो दुसरा शनिवार, बँक बंद. सोमवारी गेलो तर साहेब म्हणतात, "पिन तुम्हीच टाकलात ना?" मी टाकला, मग? चोराला घरात घेतलं म्हणून चोरी चोरी राहत नाही काय? खातं गोठवायला पोलिसांचं पत्र आणा म्हणाले. पोलिसांकडे गेलो. तिथे ऐकलं, खातं परराज्यातलं, टूरवाल्याचा पत्ता ठाणे शहरातला, तो आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा. मी नव्या कायद्याचं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १७३ छापून नेलं होतं, हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. त्यांनी कागद उलटा ठेवला, त्यावर चहाचा ग्लास ठेवला. दुसऱ्या खेपेला, "हा दिवाणी मामला वाटतो, व्यवहार फसला तुमचा." तिसऱ्या खेपेला, "गणपती बंदोबस्त लागलाय, विसर्जनानंतर या." एका खेपेला जाऊन-येऊन साठ किलोमीटर आणि अख्खा दिवस. चौथ्या खेपेला लेखी घेतलं, त्यात माझ्या बापाचं नाव चुकवलं. ते दुरुस्त करायला पाचवी खेप. अजून गुन्हा दाखल नाही, 'अर्ज चौकशीवर आहे'. कोण चौकशी करतंय विचारलं तर ते साहेब बदलून गेले.

निम्मं गाव मुंबई-ठाण्यात आहे माझं. एका भाच्याला सांगितलं असतं तर अर्ध्या तासात त्या पत्त्यावर जाऊन आला असता. सप्टेंबरमध्ये गेला तेव्हा तिथे क्लासेस निघाले, आठवी ते दहावी. माणूस पाठवा, पत्ता बघा, मगच टोकन.

बहिणीचे १,४३,१९० मी परत करतोय, भावोजी नको म्हणतात तरी. आणि एक गोष्ट आत खुपते. दर फेब्रुवारीत पुण्या-नाशिकची माणसं मला न बघता चार-चार पेट्यांचे पैसे पाठवतात, नुसत्या फोनवर. त्याच सवयीने मी पाठवले. आता कोणी "खातं दुसऱ्या नावावर कसं?" असं विचारलं तर मला राग यायचा नाही.

परवा बहिणीने फेसबुकवरची एक जाहिरात पाठवली. नाव नवं, फोटो तोच, डियानीच्या पांढऱ्या वाळूचा, पण खाली लिहिलंय श्रीलंका. याला अभयारण्यातले बिबटे, मिरिसाचा समुद्र, कोलंबो. माणशी ६४,०००. मी खाली लिहिलं, हा चोर आहे, आमचे २,८६,३८० बुडवलेत. अर्ध्या तासात माझं लिहिलेलं गायब. त्याच्या वर कोणा बाईंनी विचारलं होतं, मुलांना किती सवलत, ते मात्र तसंच होतं. तिला उत्तरही आलं होतं : "इनबॉक्स करा ताई."