हिंक्सचा डुप्लेक्स की जर्मन कॉसमॉस? जुना दिवा घेण्याआधी

रॉकेलचा जुना टेबल-दिवा घ्यायचा आणि नुसता कपाटावर न ठेवता खरोखर पेटवायचा, असं ठरवलं की इंग्लंडातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात बहुधा दोन बर्नरांमध्ये निवड करायची वेळ येते. एक बर्मिंगहॅमचा दोन वातींचा डुप्लेक्स, दुसरा जर्मन धाटणीचा गोल ज्योतीचा कॉसमॉस. दोघेही १८६५ सालचे. माझ्या घरी दोन्ही आहेत आणि हिवाळ्यात दोन्ही जळतात.

डुप्लेक्स हे जेम्स हिंक्स अँड सन या बापलेकांच्या कारखान्याचं नाव काढणारं काम. कारखाना बर्मिंगहॅमच्या ग्रेट हॅम्प्टन स्ट्रीटवर. पेटंट मुलाने, जोसेफने घेतलं. एकच रुंद चपटी वात घेतली तर मधल्या भागाला हवा पुरत नाही आणि ज्योत धुरकटते. त्यावर यांचा तोडगा असा, की इंच-इंच रुंदीच्या दोन वाती शेजारी शेजारी लावायच्या आणि मधल्या फटीतून हवा सोडायची. दोन्ही ज्योती एकमेकींना तापवतात आणि उजळतात. पेटंटची चौदा वर्षं सरल्यावर इतर कारखान्यांनीही हीच रचना उचलली, म्हणून आज डुप्लेक्सची काच आणि वात शोधताना फारसे हाल होत नाहीत.

कॉसमॉसमध्ये चार बोटं रुंदीची एकच चपटी वात खालून आत जाते आणि वर येता येता वळून नळीसारखी गोल होते. हवा आतून आणि बाहेरून दोन्हीकडून मिळते. काच खांद्यापाशी चिमटल्यासारखी अरुंद होते, तो अरुंद भाग हवा ज्योतीवर ढकलतो. उजेडाचं म्हणाल तर कॉसमॉसचा मला जास्त शांत वाटतो. वाचताना डोळ्यांना बरा. तेलही तो बेताने पितो. डुप्लेक्सची टाकी माझ्याकडे एका संध्याकाळीच बरीच खाली जाते. इथवर कॉसमॉसच सरस म्हणायला हवा, आणि पहिला दिवा मी तोच घेतला होता.

पण वात तिरकी चढते. माझ्या कॉसमॉसवर कोणत्याही कारखान्याचा ठसा नाही, तेव्हा हा दोष त्या एका बर्नरचा असेल, दात झिजले असतील. होतं असं: चावी एकच, तिच्या दांड्यावरची दातेरी चाकं वात पकडून वर सारतात. त्यातलं एक चाक जरा जास्त पकडतं. चार-पाच दिवसांत वातीची डावी कड उजवीपेक्षा सुताभर वर येते. डोळ्यांना दिसतही नाही. मग त्या बाजूने ज्योतीला एक लांब जीभ फुटते आणि काचेवर काजळीचा पट्टा उमटतो. वात खाली घेतली तर दुसरी बाजू विझू लागते. उपाय एकच, बर्नर उघडून वात पूर्ण काढायची, सरळ करून परत घालायची, वर गोल कापायची. एकदा कंटाळा करून तसाच जाळला, तर त्या जिभेसमोरची काच वरपासून खालपर्यंत तडकली. खांदा नेमक्या उंचीवर असलेली काच मिळायला मला दोन महिने लागले.

डुप्लेक्सच्या दोन चाव्या बघून मला आधी वाटलं होतं, दुप्पट कटकट. झालं उलटं. एक ज्योत मोठी झाली तर तिचीच चावी केसभर फिरवायची, दुसरीला हातही लावायचा नाही. दिवा जळत असतानाच काम होतं. लहानपणी कोकणात आजी राखेने कंदिलाची काच पुसताना वातीचे कान आधी कापायची. तेच इथे दोनदा करायचं, एवढीच जादा मेहनत.

विझवणंही सोपं. बाजूचा खटका दाबला की दोन पत्र्याच्या पापण्या वातींवर येतात आणि ज्योती जातात. काचेवरून फुंकर मारल्यावर खोलीत जो रॉकेलचा वास रेंगाळतो, तो इथे मला फार कमी जाणवला. हिंक्सच्या काही बर्नरांना काचेसकट वरचा भाग उचलणारा खटकाही असतो. असा मिळाला तर सोडू नका, गरम काचेला हात न लावता पेटवता येतो.

रोज तासभर वाचायलाच दिवा हवा असेल आणि वातीशी झटायची तयारी असेल, तर कॉसमॉस वाईट नाही. घरात चार माणसं दिव्याला हात लावणार असतील, तर मी डुप्लेक्स घेईन. चावीच्या चकतीवर ‘हिंक्स अँड सन्स पेटंट’ ही अक्षरं शोधा, पण त्याआधी दोन्ही चाव्या वेगवेगळ्या फिरवून पाहा. जुनी वात आत चिकटून एखादी चावी बसलेली असते. जोर लावू नका, बर्नर काढून एक दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवला की माझी सुटली होती.