अंगावर पाजताना वापरलेले सेल्फ-टॅनिंग लोशन : रंग चोख, सूचना अपुऱ्या

माझ्या मानेवर, गळ्याखाली आणि दोन्ही मनगटांवर कोडाचे डाग आहेत, आणि ते झाकण्यासाठी मी बाळंतपणाआधीही अधूनमधून टॅनिंगचे, म्हणजे कातडीला तपकिरी रंग देणारे, लोशन वापरत असे. बाळ चार महिन्यांचे असताना, म्हणजे ते पूर्णपणे अंगावर पीत असताना, मी एका नव्या लोशनची बाटली आणली. तिच्या पाठीमागे 'स्तनदा मातांसाठी सुरक्षित' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. सहा आठवड्यांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की लोशन चांगले आहे, पण ते वाक्य अर्धवट आहे.

लोशनमधील रंग देणारा घटक डायहायड्रॉक्सीॲसिटोन हा आहे. तीन कार्बन अणूंची ही साधी साखर त्वचेच्या अगदी वरच्या, मृत पेशींच्या थरातील अमिनो आम्लांशी संयोग पावते आणि पाव भाजताना येतो तसा तपकिरी रंग उमटतो. १९५०च्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी येथे एव्हा विट्गेनस्टाइन या संशोधिका ग्लायकोजेनच्या, म्हणजे शरीरात साठवल्या जाणाऱ्या साखरेच्या, विकाराने आजारी मुलांना हा पदार्थ तोंडावाटे देत असत. तो अंगावर सांडला की तेथील कातडी काही तासांनी तपकिरी होते, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यातूनच पुढे ही लोशने आली. या रंगाला मेलॅनिन, म्हणजे कातडीतले नैसर्गिक रंगद्रव्य, लागत नसल्यामुळे कोडाच्या डागावरही तो धरतो. तो मृत थरातच राहतो, रक्तापर्यंत अत्यल्प पोहोचतो, आणि म्हणून दुधात उतरण्याची धास्ती बाळगण्याचे कारण मला दिसत नाही. बाटलीवरील दावा एवढ्यापुरता खरा आहे.

प्रश्न दुधाचा नसून बाळाच्या गालाचा आहे. पहिल्याच आठवड्यात, 'दहा मिनिटांत वाळते' या सूचनेवर विसंबून मी गळ्याखाली लोशन लावले आणि अर्ध्या तासाने बाळाला पाजायला घेतले. दुपट्यावर पडलेला तपकिरी डाग धुतल्यावर निघाला, कारण तो केवळ लावताना दिसावा म्हणून मिसळलेला वरवरचा रंग होता. बाळाच्या हनुवटीखाली मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नखाएवढी तपकिरी कोर उमटली आणि ती चार दिवस टिकली. इजा काही झाली नाही, पण जे हनुवटीला लागले ते तोंडातही जाऊ शकले असते. रंग पूर्ण चढायला सहा ते आठ तास लागतात आणि तोवर लोशन दुसऱ्याच्या कातडीला लागू शकते, हे बाटलीवर कोठेही लिहिलेले नाही.

तेव्हापासून मी स्तन, स्तनाग्रे आणि बाळाचे तोंड पोहोचेल असा सगळा भाग वर्ज्य केला आहे. मनगटे आणि मान रात्रीच्या सर्वांत लांब झोपेच्या आधी, पाजून झाल्यावर रंगवते, हात साबणाने धुते, आणि बंद गळ्याचा, लांब बाह्यांचा सुती कपडा घालते. या पद्धतीने रंग एकसारखा येतो, पाचव्या-सहाव्या दिवशी फिका पडू लागतो आणि चट्टे पडत नाहीत. भाजक्या बिस्किटासारखा वास मात्र पहिली रात्रभर येत राहतो. बाळ आईला वासाने ओळखते, त्यामुळे मला तो खटकतो.

याच लोशनचा फवाराही मिळतो, तो मी घेतला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या घटकाला केवळ बाहेरून लावण्याची परवानगी दिली आहे. डोळे, ओठ आणि श्वासमार्ग त्यातून वगळलेले आहेत, आणि तान्हे बाळ असलेल्या खोलीत फवारा हवेत उडणारच. टॅनिंगच्या गोळ्यांची गोष्ट तर वेगळीच. त्या पोटात जातात, त्यामुळे तेथे दुधाचा प्रश्न खरोखरच उभा राहतो, आणि त्यांतील कॅन्थाझॅन्थिन या रंगद्रव्याचे स्फटिक डोळ्याच्या पडद्यावर साचल्याचे आढळलेले आहे.

एका सलूनमध्ये मला दिव्याच्या टॅनिंग बेडचा आग्रह झाला होता. अतिनील किरण दुधापर्यंत पोहोचत नाहीत हे खरे, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली ही यंत्रे कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहेत. शिवाय कोडाचा डाग तेथे काळा होत नाही, फक्त भाजतो, आणि आजूबाजूची कातडी गडद झाल्याने आणखी उठून दिसतो. त्वचारोगतज्ज्ञ मोजून-मापून देतात ते प्रकाशोपचार वेगळे. त्यांची आणि सलूनच्या बेडची गल्लत करू नये.

बाटलीवर आणखी एक गोष्ट लहान अक्षरांत दडली आहे : हा रंग उन्हापासून संरक्षण देत नाही. ती ठळक असायला हवी होती, कारण रंगलेला डाग पाहून तो उन्हाला तोंड देईल असे वाटू लागते. मी वरून झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन लावते.

लोशनला मी पाचापैकी साडेतीन गुण देईन; कापलेला दीड गुण सर्वस्वी सूचनांचा आहे. दुसरी बाटली मी आणली आहे, पण बाळ अंगावर पिणे सोडेपर्यंत माझ्या गळ्याखालचे डाग तसेच उघडे राहतील.